गेडीसकृत इंदूर-अहवाल : एक परीक्षण

जुन्या शहराची सुधारणा करावयाची म्हणजे त्यांतील काय राखावें व काय पाडावें याचा निर्णय प्रथम करावा लागतो. तो निर्णय कोणत्या पुराव्यावर करावा, याचा मुळापासून विचार ज्या थोड्या ग्रंथांत आढळतो, त्यांत पॅट्रिक गेडीस यांनीं इंदूर दरबारास सादर केलेल्या अहवालाची गणना करावी लागेल. 'नगररचनेकडून नगरविकासाकडे' अशा अर्थाच्या मथळ्याचा हा अहवाल तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या कारकीर्दींत, १९१८ सालीं, दोन भागांत प्रसिद्ध झाला. नगररचनाकार त्यास आपला ग्रंथ मानतात. आमच्या मतें तो संशोधकांनींही तितक्याच आस्थेनें वाचावा असा आहे.

गेडीस हे स्कॉटलंडचे. व्यवसायानें वनस्पतिशास्त्राचे अध्यापक. एडिंबरो येथील जुन्या वस्तीची दुरुस्ती करून ते १९१४ सालीं हिंदुस्थानांत आले. पुढील वर्षीं तंजावरच्या किल्ल्यांतील वस्तीसंबंधीं त्यांनीं जो अहवाल लिहिला, त्यांत त्यांची पद्धति प्रथम स्पष्ट दिसते. जुन्या गल्ल्यांवरून सरळ रस्ते ओढावयाची योजना त्यांनीं अमान्य केली. पडकीं घरें तेवढीं काढून मोकळ्या जागा कराव्या, त्यांत झाडें लावावीं आणि राहण्याजोगें घर शक्य तों पाडूं नये, असें त्यांचें म्हणणें. या रीतीस त्यांनीं जपणुकीची शस्त्रक्रिया अशा अर्थाचें नांव दिलें. ज्या नगरांत भोसल्यांचें सरस्वतीमहाल ग्रंथालय आहे, त्याच नगरांत हा विचार मांडला गेला, हें हस्तलिखितांच्या संग्राहकांस विशेष वाटावें.

कारण ही रीति आपणांस परकी नाहीं. पोथीचा पाठ सिद्ध करतांना सुज्ञ संपादक एखादा शब्द दुर्बोध दिसला म्हणून लगेच खोडीत नाहीं. दुसऱ्या प्रती पाहतो, लेखकाचा हात ओळखतो आणि प्रमाद निश्चित ठरला तरच, तोही तेवढाच, सुधारतो. नकाशावर पट्टी ठेवून पेठेंतून रस्ता काढणारा मनुष्य पोथी सुवाच्य व्हावी म्हणून मूळ पाठच बदलणाऱ्या लेखकासारखा होय. गेडीस शहर पायीं फिरून वाचीत. गल्लीचें वळण, पार, विहीर, देऊळ हीं तेथें कां आहेत हें समजून घेतल्याशिवाय त्यांस हात लावूं नये, हा त्यांचा दंडक होता.

इंदूर येथें या दंडकाची कसोटी लागली. प्लेग व हिंवताप यांनीं शहर गांजलें होतें. खान व सरस्वती या नद्या, त्यांचे घाट आणि कांठच्या छत्र्या यांकडे पाठ फिरवून केवळ खर्चिक गटारांवर भिस्त ठेवणें त्यांस पसंत नव्हतें. नद्या स्वच्छ कराव्या व घरांतला केरकचरा बागांच्या कामीं यावा, अशी त्यांची दिशा होती. प्लेगाविरुद्ध त्यांनीं दिवाळीची मिरवणूक योजिली आणि जी वस्ती अधिक स्वच्छ होईल तिकडून ती जाईल असें जाहीर करविलें, ही हकीकत प्रसिद्धच आहे. मात्र ती मुख्यतः त्यांच्याच तोंडची आहे; तिचें मोल दरबारच्या त्या वर्षाच्या कागदांशीं ताडूनच ठरवावें. तरीही लोकांचा सण हेंच सुधारणेचें साधन करावें ही कल्पना निःसंशय मोलाची आहे.

येथवर गुणांचें झालें. दोष दोन दिसतात. पहिला विस्ताराचा. दुसऱ्या भागांत नियोजित विद्यापीठाची चर्चा इतकी लांबते कीं, पेठांचा विषय मागें पडतो. दुसरा दोष अधिक महत्त्वाचा असून तो पद्धतीचाच आहे. पायीं केलेल्या पाहणींत जें उभें आहें तेंच दिसतें. पुण्याचेंच उदाहरण घ्या. नानासाहेब पेशव्यांच्या काळीं कात्रजहून शहरांत पाणी आणलें गेलें. हौद आजही डोळ्यांस दिसतो. पण जमिनीखालचा नळ कोठून गेला, पाणी कोणास व कोणत्या हक्कानें मिळे, दुरुस्ती कोणाकडे होती, हें कागदावांचून कळावयाचें नाहीं. वाड्याची हद्द, देवस्थानचें इनाम, पेठेची वसाहत यांचीही तीच गोष्ट. दृष्टीस दप्तराची जोड नसेल, तर जपणूक अखेर पाहणाराच्या रुचीवर राहते. आणि गेडीस यांच्यासारखी रुचि प्रत्येकाची नसते.

हा वाद केवळ ग्रंथापुरता नाहीं. २०११ सालीं युनेस्कोनें ऐतिहासिक नगरांविषयीं शिफारस करून जुनी वस्ती व तिचा विकास यांचा एकत्र विचार करावयास सांगितलें. २०१५ सालीं सुरू झालेल्या स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्याच यादींत, २०१६ सालीं, इंदूर व पुणें या दोन्ही शहरांचीं नांवें आलीं. पण रस्तारुंदींत वाडा पडतो तेव्हां त्याच्या माळ्यावरचें दप्तर कोणी विचारीत नाहीं. लांकूड विकलें जातें आणि कागद रद्दींत जातात. इंदूरचा राजवाडा १९८४ सालीं जळाला, त्याचा जळालेला भाग पुढें जुन्या धर्तीवर पुन्हां उभारतां आला. जळालेला कागद पुन्हां उभारतां येत नाहीं.

तेव्हां आमची सूचना अशी. नगररचनेच्या प्रत्येक पाहणींत मोडी वाचणारा एक तरी मनुष्य असावा. वाडा पाडण्याची परवानगी देण्यापूर्वीं त्यांतील कागदांची यादी व्हावी. संग्राहकांनींही आपल्याजवळचीं हद्द, पाणी व इनाम यांचीं कागदपत्रें पेठवार लावून त्यांच्या याद्या प्रसिद्ध कराव्या. पेटींत बंद राहिलेला पुरावा वाड्यास वांचवूं शकत नाहीं. गेडीस यांनीं शहर वाचावयास शिकविलें. त्या वाचनास आधारप्रत पुरविणें हें काम आपलें आहे.