व्यंगचित्रकारांचे परस्परऋण

मराठी व्यंगचित्राविषयी जे थोडे लेखन झाले आहे, त्यात 'अमुक हे तमुकांच्या प्रभावाखालील' हे वाक्य जणू ठरलेलेच असते. डेव्हिड लो (१८९१–१९६३) यांचे नाव त्यात वारंवार येते. आर. के. लक्ष्मण यांनी बालवयात 'हिंदू' पत्रात लोंची चित्रे पाहिली. ती सही आपण पुष्कळ दिवस 'काउ' अशी वाचीत होतो, हे त्यांनीच आत्मचरित्रात नमूद केले आहे. पुढे लो भारतात आले तेव्हा उभयतांची भेटही झाली. बाळ ठाकरे यांनाही लो गुरुस्थानी होते. परंतु आदर हा प्रभावाचा पुरावा नव्हे. तो फार तर शोधाची दिशा दाखवितो.

लोंचा कर्नल ब्लिम्प (१९३४) बोलघेवडा आहे. स्वतःच्याच तोंडाने तो स्वतःचे हसे करून घेतो. लक्ष्मणांचा सामान्य माणूस तोंडच उघडीत नाही. कुंचल्याचा तो जाड, काळा फराटा दोघांत सारखा असला, तरी एकाचे पात्र उपहासाचे लक्ष्य आहे आणि दुसऱ्याचे साक्षीदार. देवणी गुरांच्या वंशात गीर व डांगी यांचे रक्त आहे असे मानतात. म्हणून आमच्या भागात देवणीला कोणी गीर म्हणत नाही.

वसंत सरवटे (१९२७–२०१६) यांची गोष्ट निराळी. स्टाइनबर्गविषयीचा आदर त्यांनी मनात ठेवला नाही. परदेशी व्यंगचित्रांचा रसास्वाद घेणाऱ्या आपल्या पुस्तकाला त्यांनी 'परकी चलन' हे नाव दिले. ऋणाची कबुली नावातच आली. स्टाइनबर्गच्या चित्रात पुष्कळदा रेषा हाच विषय होतो. सरवट्यांची रेषा मात्र माणसाला सोडीत नाही. 'ललित'मधील त्यांचा ठणठणपाळ मराठी वाङ्मयीन व्यवहार ठाऊक असलेल्यालाच पुरता कळतो. आदराचे समीक्षेत रूपांतर झाले, की अनुकरणाची गरज उरत नाही, असे मला वाटते.

अशा प्रश्नांचा निर्णय पत्रव्यवहाराच्या आधारे व्हावयास हवा, आणि तेथेच आपली दैना आहे. कवीची पत्रे आपण छापतो. व्यंगचित्रकाराची पत्रे रद्दीत जातात. नांदेडचे मधुकर धर्मापुरीकर यांनी व्यंगचित्रांचा संग्रह केला, 'रेषालेखक वसंत सरवटे' या ग्रंथाच्या संपादनातही भाग घेतला. हे काम विद्यापीठाबाहेर झाले. मराठी विभागांनी निदान दिवाळी अंकांच्या संपादकांकडील पत्रे, मूळ चित्रे आणि नाकारलेली रेखाटने तरी मागून घ्यावीत.