पडेल ते काम करणारा खेळाडू

चंदू सरवटे यांचा विषय निघाला की त्यांचे चाहते ओव्हलचा सामना पुढे करतात आणि प्रतिपक्ष कसोटी सामन्यांचे आकडे मांडतो. आम्ही वकिली पेशाचे. दोन्ही पुरावे नोंदवून घेतो. पण वादाचा खरा मुद्दा त्यांत आला आहे, असे आम्हांस वाटत नाही.

ओव्हलची हकीकत अशी. 1946 च्या मे महिन्यात सरेविरुद्ध भारतीय संघाचे नऊ गडी 205 धावांत बाद झाले. दहाव्या क्रमांकावर आलेले सरवटे खेळत होते. त्यांना अकरावे शुटे बॅनर्जी येऊन मिळाले आणि या जोडीने 249 धावांची भर घातली. सरवटे नाबाद 124, बॅनर्जी 121. शेवटच्या दोघांनी एकाच डावात शतके काढण्याचा हा प्रकार पुन्हा घडावयास 78 वर्षे लागली. 2024 मध्ये मुंबईच्या तनुष कोटियन व तुषार देशपांडे यांनी बडोद्याविरुद्ध तो घडविला.

प्रतिपक्षाचे म्हणणे याहून सोपे आहे : नऊ कसोटी सामने, सरासरी तेरा धावा आणि तीन बळी.

मात्र फलंदाजाला पाठविले कोठे, हे कोणी विचारत नाही. दहाव्या क्रमांकावर शतक काढणाऱ्या याच गृहस्थास 1947-48 च्या ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर लिंडवॉल आणि मिलर यांच्या नव्या चेंडूपुढे सलामीला उभे केले. मेलबर्नच्या तिसऱ्या कसोटीत मंकड व सरवटे यांनी पहिल्या जोडीसाठी 124 धावा केल्या. मंकडांचे 116 सर्वांस ठाऊक आहेत. सरवट्यांच्या 36 ची आठवण कोणी काढीत नाही. आमच्या मते त्यांच्या खेळाचे मर्म त्या 36 धावांत आहे. दुसऱ्याला धावा करता याव्यात म्हणून एक बाजू धरून राहावयाचे. उत्सवात भांडारापासून पंगतीपर्यंत पडेल ते काम करणारा गृहस्थ प्रत्येक मंदिरात असतो. तो पालखीच्या पुढे दिसत नाही, इतकेच.

गोलंदाजीविषयी मात्र आम्ही पक्षकाराची बाजू सोडतो. तीन बळींसाठी 374 धावा मोजाव्या लागल्या, त्याचा बचाव नाही. रणजी सामन्यांत गडी मिळवून देणारी त्यांची संथ फिरकी कसोटीच्या फलंदाजांना फसवू शकली नाही.

त्यांचे मोल जाणले ते होळकर संघाने. 1945-46 मध्ये कर्नल सी. के. नायडूंच्या या संघाने म्हैसूरविरुद्ध आठ बाद 912 वर डाव घोषित केला. त्या डावात सहा शतके झाली. त्यांत सरवट्यांचे 101 होते. त्याच सामन्यात त्यांनी एका डावात 61 धावांत नऊ गडी बाद केले. प्रथम दर्जाच्या सामन्यांत एकंदर 7,430 धावा आणि 494 बळी. ज्याला दोन्ही कामे येतात त्याला दोन्ही देणारा कर्णधार लाभला म्हणजे असे होते. कसोटी संघाने त्यांना कामे पुष्कळ सांगितली. जागा मात्र ठरवून दिली नाही. आमची तक्रार एवढीच.

बऱ्हाणपुरास बसून त्यांच्या संघांची यादी वाचताना आम्हांस आपल्याच मुलखाचा इतिहास वाचल्यासारखे होते. जन्म 1920 चा, सागरचा. आरंभ मध्यप्रांत-वऱ्हाड संघाकडून. आमचे गावही तेव्हा त्याच प्रांतात होते आणि इंदूर म्हणजे परसंस्थान. मग महाराष्ट्र, मुंबई, पंचरंगी सामन्यांतील हिंदू संघ, होळकर, संस्थान गेले, पाठोपाठ त्याचा संघही गेला, तेव्हा मध्य प्रदेश, आणि विदर्भही. त्यांना भाडोत्री म्हणणे अन्यायाचे होईल. पायाखालच्या सीमाच हलत होत्या.

सरवटे कायद्याचे पदवीधर आणि बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ होते. 2003 साली ते वारले. त्यापूर्वी राष्ट्रीय निवड समितीवर बसून 1983 चा विश्वचषक जिंकणारा संघ निवडण्यात त्यांनी भाग घेतला होता. त्या संघात मदनलाल, बिन्नी, मोहिंदर अमरनाथ असे दोन्ही कामे करणारे गडी किती होते, ते वाचकांनी मोजून पाहावे.