‘रक्त पातळ करणारी गोळी’: चार शब्दांचं परीक्षण

वर्तमानपत्रांच्या आरोग्य-पुरवण्यांत आणि दवाखान्यांतही एक शब्दप्रयोग हमखास भेटतो: ‘रक्त पातळ करणारी गोळी’. सोपा, सुटसुटीत, लक्षात राहणारा. पण विज्ञान सोपं करताना ते चुकीचं तर होत नाही ना? म्हणून या वेळी पुस्तकाऐवजी या चार शब्दांचंच परीक्षण करायचं आम्ही ठरवलं.

पातळ म्हटलं की पाणी घातलेली आमटी आठवते. अ‍ॅस्पिरिनने तसं काही होत नाही. रक्तातलं पाणी वाढत नाही, पेशीही कमी होत नाहीत. बदलतं ते रक्तपट्टिकांचं, म्हणजे प्लेटलेटचं वागणं. एका घन मिलिमीटर रक्तात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. रक्तवाहिनीचं अस्तर फाटलं की त्या तिथे चिकटतात आणि थ्रॉम्बोक्झेन, एडीपी अशी रसायनं सोडून इतरांना बोलावतात. जखमेवर हीच क्रिया प्राण वाचवते; हृदयाच्या धमनीतला चरबीचा थर फुटला, तर तीच जिवावर बेतते. अ‍ॅस्पिरिन थ्रॉम्बोक्झेनसाठी लागणारं विकर कायमचं निकामी करतं. क्लोपिडोग्रेल एडीपीचा निरोप पोचू देत नाही. बोलावणं पोचलं नाही की गर्दीही जमत नाही.

दुसरा दोष असा, की वॉरफरिन, हेपारिन यांनाही हेच नाव दिलं जातं. ती औषधं रक्तपट्टिकांवर नव्हे, तर फायब्रिनचं जाळं विणणाऱ्या घटकांवर काम करतात. पायाच्या शिरेतली गुठळी किंवा एट्रियल फिब्रिलेशनमधले अनियमित ठोके यांत मुख्यतः ती लागतात. हृदयविकाराचा झटका, स्टेंट, धमनीतल्या गुठळीमुळे झालेला अर्धांगवायू यांत बहुधा रक्तपट्टिकांना आवरणारी औषधं देतात.

तिसरा दोष जिवाशी गाठ घालणारा आहे. ‘आता रक्त पुरेसं पातळ झालं असेल’ म्हणून कुणी स्टेंटनंतरची गोळी स्वतःच बंद केली, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. उलट, ‘पातळ रक्त चांगलं’ म्हणून निरोगी माणूसही रोज गोळी घेऊ लागतो. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आयसिस-२ चाचणीत हृदयविकाराच्या झटक्याचा संशय असलेले १७,१८७ रुग्ण होते. पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी झालेले मृत्यू अ‍ॅस्पिरिनमुळे ११.८ टक्क्यांवरून ९.४ टक्क्यांवर आले. मात्र २०१८च्या अ‍ॅस्प्री चाचणीत निरोगी वृद्धांचे हृदयविकार रोजच्या अ‍ॅस्पिरिनने लक्षणीय घटले नाहीत. गंभीर रक्तस्राव मात्र वाढले. औषध तेच, माणूस वेगळा.

या शब्दप्रयोगाची एक बाजू खरी आहे: रक्त थांबायला वेळ लागेल, ही सूचना त्यात आहे. दात काढण्यापूर्वी डॉक्टरांना गोळीबद्दल सांगायचं ते त्यासाठीच. पण ‘गुठळी रोखणारी गोळी’ हे शब्दही तितकेच सोपे आहेत आणि खरेही.

वर्गात एक प्रश्न विचारून पाहा. रक्तपट्टिकांना केंद्रक नसतं, त्यामुळे निकामी झालेलं विकर त्या पुन्हा बनवू शकत नाहीत. त्यांचं आयुष्य सात ते दहा दिवस. मग अ‍ॅस्पिरिन थांबवल्यावर परिणाम किती दिवस टिकेल? ‘पातळ’ या शब्दातून हे उत्तर कधीच मिळणार नाही.