तबकडीवरचा ढोल कुणाचा?

संग्राहक नेमकं काय जपतो, हा प्रश्न आज एका वस्तूवर तपासून बघू. ती वस्तू म्हणजे ‘जैत रे जैत’ची एलपी. चित्रपट 1977चा, दिग्दर्शक जब्बार पटेल. मूळ कादंबरी गो. नी. दांडेकरांची, गीतं ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. कथा ठाकरांची, आणि ठाकर म्हणजे आपले कर्जत-खालापूरचे शेजारी. म्हणून ही निवड.

जुन्या तबकड्या जमवणारे आम्ही लोक आधी काय बघतो? चरा पडलाय का, कव्हर मूळचं आहे का. वाल्टर बेन्यामिन म्हणतो, यांत्रिक प्रतींमुळे कलाकृतीचं वलय विरतं. संग्राहक उलटं करतो, हजारो प्रतींतल्या एकीला पुन्हा वलय चढवतो. हौसच ती, त्यात गैर काही नाही. पण हळूहळू तबकडीची पूजा होते आणि ऐकणं राहून जातं.

बरं, ऐकली तर काय मिळतं? चित्रपटात गाणी कथा पुढे नेतात. नाग्याचा हट्ट, चिंधीची ओढ, लिंगोबाच्या डोंगराचं भय, सगळं गाण्यांतून उमगतं. तबकडीवर ती सुटी होतात, हा तोटा. पण डोळ्यांपुढे स्मिता पाटील नसली की महानोरांचे शब्द आणि समूहस्वर जास्त स्वच्छ ऐकू येतात, हा लाभ. तेव्हा ही एलपी म्हणजे चित्रपटाची नुसती आठवण नव्हे, ती स्वतंत्र कृती आहे. मात्र अपुरी.

अपुरी का? एकदा ती लावली असताना घरी आलेल्या एका ठाकर गृहस्थांनी विचारलं, “ह्यो ढोल कोन वाजवतोय?” आम्ही लेबल वाचलं. गायक, कवी, संगीतकार सापडले, ढोलवाला नाही. 1949च्या ‘महल’च्या तबकडीवर तर लता मंगेशकरांच्या जागी ‘कामिनी’ हे पात्राचं नाव छापलं होतं! लेबल हा पुरावा खराच, पण कुणाला मोजायचं हेही तेच ठरवतं.

आता थोडं कडू बोलतो. 19 जुलै 2023च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकरांचीच वाडी. 27 मृतदेह मिळाले. शोध थांबला तेव्हा 57 जण बेपत्ता होते. त्या माणसांबरोबर किती गाणी गेली, कोण सांगणार? इर्शाळगड आपल्याला रोज दिसतो. चोरबाजारात तबकडीसाठी दिवस घालवणारे आम्ही त्या वाडीत गाणं ऐकायला एकदाही चढलो नाही.

म्हणून संग्रह टाकून द्या, असं आम्ही म्हणत नाही. तबकडी वाजवा, दुसऱ्याला ऐकवा. आणि पुढच्या वेळी एखाद्या वाडीत ढोल ऐकलात, तर परवानगी घेऊन फोनवर टिपून ठेवा, वाजवणाऱ्याच्या नावासकट. त्या गृहस्थांच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असायला हवं.