भाव कशाचा? दुर्मीळ बिअर आणि न्याय्य किमतीचा प्रश्न

२००७ साली ईबे या ऑनलाइन लिलावात एक जुनी सीलबंद बिअरची बाटली ३०४ डॉलरना विकली गेली. विकणाऱ्याने बाटलीवरचे नाव इंग्रजीत टाइप करताना ‘ऑलसॉप’मधला एक ‘पी’ गाळला होता. त्यामुळे हे नाव शोधत असलेल्या संग्राहकांना ती बाटली दिसलीच नाही. घेणाऱ्याने स्पेलिंग दुरुस्त करून तीच बाटली पुन्हा लिलावाला लावली, तेव्हा बोली ५,०३,३०० डॉलरपर्यंत चढली. ही रक्कम प्रत्यक्षात चुकती झाली नाही, बोली पोकळच निघाली. तरी एवढे कळले की बाटली तीच, आतले द्रव्य तेच, पण एका अक्षराने भावात पाच लाख डॉलरचा फरक पडू शकतो.

ती बाटली ‘आर्क्टिक एल’ या बिअरची होती. उत्तर ध्रुवाकडे बेपत्ता झालेल्या सर जॉन फ्रँकलिनच्या शोधासाठी १८५२ साली एडवर्ड बेल्चरच्या नेतृत्वाखाली जहाजे निघाली. त्यांच्यासाठी बर्टन गावच्या ऑलसॉप कंपनीने ही कडक, पौष्टिक, थंडीत सहज न गोठणारी बिअर बनवली होती. हीच कंपनी १८२०च्या दशकापासून हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबांसाठीही बिअर पाठवत असे. म्हणजे मुळात ही खलाशांची शिधासामग्री. दीडशे वर्षांनी ती कलावस्तूच्या भावात कशी गेली, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

दुर्मीळ बिअरसाठी भरमसाट पैसे मोजणाऱ्यांबद्दल दोन ठरावीक मते ऐकू येतात. पहिले मत असे, की ज्यांना पैसा जड झाला आहे त्यांचा हा मूर्खपणा. दुसरे मत त्या शौकिनांचे: उत्तम वस्तूला उत्तम भाव मिळणारच, ज्याला जीभ नाही त्याने बोलू नये. माझ्या मते दोन्ही मते आळशी आहेत. दोघेही ‘भाव’ ही एकसंध गोष्ट मानतात. प्रत्यक्षात अशा बाटलीच्या किमतीत निदान तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: बनवायला लागलेला माल, श्रम आणि काळ, टंचाई, आणि तिच्याभोवती रचलेली कथा. त्या वेगळ्या करून पाहिल्याशिवाय कोणाला मूर्ख म्हणायचे आणि कोणाला रसिक, हे ठरत नाही. शिवाय चौथा प्रश्न उरतोच, की वरचे पैसे कोणाच्या खिशात जातात?

काळाची किंमत

सुरुवात प्रामाणिक महागाईपासून करू. ब्रसेल्समध्ये १९०० साली सुरू झालेली काँतियों नावाची ब्रुअरी आहे. तिथे ‘लांबिक’ नावाची बिअर बनते. नेहमीच्या बिअरमध्ये निवडून जोपासलेले यीस्ट घालतात. इथे तसे घालत नाहीत. उकळलेला माल्टचा रस उथळ, रुंद तांब्याच्या हौदात रात्रभर उघडा ठेवतात आणि हवेतले, वास्तूतले सूक्ष्मजीव त्यात उतरून तो आंबवतात. हे काम थंडीच्या महिन्यांतच जमते, कारण उन्हाळ्यात नको ते जंतू बळावतात. पुढे हा रस लाकडी पिंपांत वर्षानुवर्षे पडून राहतो. एक, दोन आणि तीन वर्षांचे लांबिक एकत्र करून बाटलीत भरले, की ‘ग्यूझ’ तयार होते. ते बाटलीत पुन्हा आंबते.

इथे टंचाई कोणी मुद्दाम आणलेली नाही. ऋतू, पिंपे आणि जागा यांनी ती ठरवून दिलेली आहे. मागणी वाढली म्हणून या वर्षी तीन वर्षांचे लांबिक जास्त बनवता येत नाही, ते तीन वर्षांपूर्वीच करायला हवे होते. अशा बाटलीला जास्त पैसे मोजणारा माणूस निदान काही अंशी दुसऱ्याने केलेल्या प्रतीक्षेचे पैसे देत असतो. जुन्या तांदळाला नव्यापेक्षा जास्त भाव देणाऱ्या आपल्या आज्यांना हे समजावून सांगावे लागले नसते.

बनवलेली टंचाई

दुसरे टोक २०१०चे. स्कॉटलंडच्या ब्रूडॉग कंपनीने ‘द एंड ऑफ हिस्टरी’ नावाची बिअर काढली. पुन्हा पुन्हा गोठवून, पाणी बर्फाच्या रूपात बाजूला काढून तिचे मद्यार्काचे प्रमाण ५५ टक्क्यांवर नेले होते. बाटल्या मोजून डझनभर. प्रत्येक बाटली पेंढा भरलेल्या मेलेल्या खारीच्या किंवा मुंगसासारख्या छोट्या प्राण्याच्या अंगात बसवलेली. किंमत ५०० आणि ७०० पौंड. त्या हातोहात खपल्या.

डझनभरच का? पिंपे कमी होती म्हणून नव्हे, हंगाम संपला म्हणूनही नव्हे. बातमी होण्यासाठी डझनच पुरे होत्या म्हणून. ही टंचाई उत्पादनाची अडचण नाही, तेच खरे उत्पादन आहे. आत बिअर होती ही जवळजवळ दुय्यम बाब. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ असे म्हणून हा प्रकार सोडून देता येईल. पण नीट पाहिले तर इथे फसवणूकही नाही. घेणाऱ्याला आपण काय घेतो आहोत हे पक्के ठाऊक होते. थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ सालीच दाखवून दिले, की काही वस्तू महाग असूनही घेतल्या जातात असे नाही. त्या महाग आहेत म्हणूनच घेतल्या जातात. त्या खारीची बाटली पाच पौंडांना मिळाली असती, तर ७०० पौंड देणाऱ्याने ती घेतलीच नसती.

ज्यांनी भाव नाकारला

या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरे उदाहरण आहे आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे तेच. बेल्जियमच्या पश्चिम फ्लँडर्समध्ये वेस्टव्लेटरेन या खेड्यात सेंट सिक्स्टस मठ आहे. स्थापना १८३१ची. तिथले ट्रापिस्ट साधू १८३०च्या दशकाच्या अखेरीपासून बिअर बनवतात. ‘वेस्टव्लेटरेन १२’ ही त्यांची सर्वांत कडक, गडद बिअर १९४० सालची. बाटलीला दीर्घकाळ कागदी लेबल नव्हते, जी काही माहिती ती झाकणावर असे. वर्षाचे उत्पादन पाच-सहा लाख लिटरच्या आसपास. मठाचा चरितार्थ आणि दानधर्म चालावा इतकेच. प्रस्तुत लेखकाने ती चाखलेली नाही. या लेखाला त्याची गरजही नाही, कारण इथे चिकित्सा चवीची नसून भावाची आहे.

२००५ साली बिअरप्रेमींच्या एका मोठ्या गुणांकनात ती जगातली सर्वोत्तम बिअर ठरली. गाड्यांच्या रांगा लागल्या, साठा संपला. कोणत्याही व्यापाऱ्याने अशा वेळी एक तर उत्पादन वाढवले असते, नाहीतर भाव. साधूंनी दोन्ही केले नाही. फोनवर आगाऊ नोंदणी, गाडीच्या क्रमांकाची नोंद, एका वेळी ठरावीक क्रेट, आणि ‘पुढे विकू नये’ ही अट, एवढेच त्यांनी केले.

यामागे हट्ट नाही, नियम आहे. ट्रापिस्ट साधू सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीप्रमाणे जगतात. तिच्या सत्तावन्नाव्या प्रकरणात मठातल्या कारागिरांविषयी सांगितले आहे. मठात बनलेली वस्तू विकताना किमतीत लोभ शिरू देऊ नये, आणि ती बाहेरच्या लोकांच्या भावापेक्षा थोडी स्वस्तच द्यावी, असा त्याचा आशय. ‘बाजार जेवढे देईल तेवढे घ्या’ हा आजचा स्वयंसिद्ध मानलेला विचार इथे थेट नाकारला आहे.

बाजाराने काय केले? २०१८ साली नेदरलँड्समधल्या एका सुपरमार्केट साखळीने मठाच्या परवानगीविना ही बिअर एका बाटलीला जवळजवळ दहा युरो दराने विकली. मठाच्या दारात तीच बाटली सुमारे दोन युरोंना मिळत होती. साधूंनी जाहीर नाराजी व्यक्त केली. वरच्या आठ युरोंमध्ये साधूंचा एकही पैसा नव्हता. पिंपाची प्रतीक्षा नव्हती, नवे श्रम नव्हते. होती ती फक्त दुसऱ्याच्या संयमावर लावलेली दलाली.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी इथे एक रास्त आक्षेप घेईल. भाव मुद्दाम कमी ठेवला तर काळाबाजार होणारच. मग साधूंनीच भाव वाढवून तो पैसा दानधर्माला का लावू नये? आक्षेप बिनतोड वाटतो, आणि साधूंना हा मार्ग अगदीच अपरिचित होता असेही नाही. मठाच्या इमारतीचे काम निघाले तेव्हा, २०११ साली, बेल्जियममध्ये सहा बाटल्या आणि दोन ग्लासांचा विटेसारखा दिसणारा संच २५ युरोंना विकला गेला. पुढच्या वर्षी १२ डिसेंबर २०१२ रोजी असाच संच अमेरिकेत सुमारे ८५ डॉलरना मिळाला आणि ताबडतोब संपला. पण फरक लक्षात घ्यावा. कारण उघड होते, ते एकदाच घडले, आणि काम झाल्यावर साधू पुन्हा आपल्या दाराशी आणि आपल्या भावावर परतले. गरजेसाठी भाव वाढवणे आणि मिळतो म्हणून भाव घेणे यांतली रेघ त्यांनी पुसू दिली नाही.

चवीचे काय?

‘पण चव?’ असे शौकीन विचारील. इथे एक गैरसोयीची हकीकत आहे. १९४६ ते १९९२ या काळात मठाच्या परवान्याने शेजारच्या वाटू गावातली सेंट बर्नार्डस ही ब्रुअरी सेंट सिक्स्टसच्या नावाने बिअर बनवत होती. परवाना संपल्यावर त्यांनी त्याच परंपरेतली ‘आब्ट १२’ स्वतःच्या नावाने चालू ठेवली. दोन्ही प्यालेल्या अनेकांच्या मते त्या सख्ख्या बहिणी नसल्या तरी चुलत बहिणी नक्कीच आहेत. आब्ट १२ दुकानात सहज मिळते. तिच्यासाठी कोणी रांग लावत नाही.

यावरून ‘सगळे मनाचे खेळ’ असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकच वाइन लोकांना एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून दिली. महाग म्हणून दिलेली वाइन त्यांना अधिक आवडली. एवढेच नव्हे, तर सुखाच्या अनुभवाशी जोडलेला मेंदूचा भागही त्या वेळी अधिक सक्रिय दिसला. म्हणजे महाग बाटली पिणारा आनंदाचे नाटक करत नसतो, त्याला आनंद होतोच. त्याची थट्टा करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आणि त्याची बाजू घेणाऱ्यांनी हे, की त्या आनंदाचा काही भाग बाटलीतून नव्हे, किमतीच्या चिठ्ठीतून आलेला असतो. मुहूर्ताच्या हापूस पेटीची बोली लावणाऱ्याला आंब्याबरोबर आणखी काय मिळते, हे आपल्याकडे कोणी विचारत नाही, कारण उत्तर सर्वांना माहीत असते.

आपल्या दारात

हा विषय आपल्यापासून फार दूर नाही. २००९ साली पुण्यात सुरू झालेल्या, महाराष्ट्रातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एकीचे नाव ‘डूलाली’ आहे. हा शब्द नाशिकजवळच्या देवळालीचा अपभ्रंश. मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथल्या छावणीत महिनोन्‌महिने अडकलेले गोरे शिपाई उष्म्याने आणि कंटाळ्याने भ्रमिष्ट होत. त्यावरून इंग्रजीत ‘डूलाली टॅप’, म्हणजे देवळालीचा ‘ताप’, हा शब्दप्रयोग आला. वाट पाहून वेडे होणे हा अर्थ दुर्मीळ बाटलीमागे धावणाऱ्यांनाही शोभावा. शहराशहरांत असे प्याले आता मिळू लागले आहेत. दुर्मीळतेचा व्यापार त्यामागून येतोच. तो येईल तेव्हा आपल्याकडे त्याला तपासण्याची भाषा असावी, म्हणून हा खटाटोप.

ती भाषा फार अवघड नाही. समोरच्या किमतीला तीन प्रश्न विचारावेत. ही टंचाई ऋतूने, वेळेने घडवली आहे, की जाहिरात विभागाने? वरचा पैसा बनवणाऱ्याकडे जातो, की मधल्यामध्ये राहतो? आणि तीच वस्तू स्वस्त झाली तर मला ती तितकीच हवी असेल का? काँतियोंची बाटली पहिल्या प्रश्नाला उतरते. खारीची बाटली पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाला पडते. मठाची बिअर मठाच्या दारात घेतली तर तिन्हींना उतरते. सुपरमार्केटच्या फळीवर तीच बाटली दुसऱ्या प्रश्नाला पडते. वस्तू एकच असून निकाल बदलतो, याचा अर्थ आपण बिअरची नव्हे, व्यवहाराची परीक्षा घेत आहोत.

२०१९ साली साधूंनी फोन बंद करून ऑनलाइन नोंदणी सुरू केली. त्यांनी ठेवलेली व्यवस्था पाहण्यासारखी आहे: ज्याने शेवटची खरेदी करून सर्वांत जास्त दिवस झाले, त्याला आधी संधी. जास्त पैसे देणाऱ्याला नाही, ओळख असणाऱ्याला नाही. रेशनच्या रांगेत वाढलेल्या आपल्या पिढीला हे तत्त्व चटकन ओळखू यावे. तिला आपण ‘पाळी’ म्हणत असू.