यात्रेत रमलेला अभ्यासक : परदेशी संशोधकांचं महाराष्ट्रातलं काम कसं वाचावं?



पीएचडीची तयारी करणाऱ्यांशी बोलताना एक शंका हमखास पुढे येते. फील्डवर्क म्हणजे यात्रेला जायचं, गाणी ऐकायची, लोकांच्या घरी जेवायचं. मग याला संशोधन कसं म्हणायचं? ती तर मजा झाली! काहींना उलटी भीती असते. आपल्याला तिथं मजा वाटली तर आपण तटस्थ राहिलो नाही असं गाइड म्हणतील का?

या दोन्ही शंकांचं उत्तर शोधायला आपल्याच महाराष्ट्रात चांगली सामग्री आहे. गेल्या साठ वर्षांत काही परदेशी अभ्यासक इथं येऊन राहिले, मराठी शिकले, यात्रा-जत्रांत, गाण्यांत रमले आणि त्यातून पुस्तकं उभी केली. अशा काही कामांकडे आज टीकेच्या नजरेनं पाहू. त्यांनी काय केलं यापेक्षा त्यांच्या रमण्याचं पुढे काय झालं, हे मला तपासायचं आहे.

सोंथायमर आणि वीरची यात्रा

गुंथर सोंथायमर (१९३४–१९९२) हे जर्मन अभ्यासक मूळचे कायद्याचे. हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायद्यावर त्यांचा ग्रंथ आहे. पुढे हायडेलबर्ग विद्यापीठात शिकवताना ते वर्षानुवर्षं महाराष्ट्रात येत राहिले आणि धनगर, खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा हेच त्यांचं जग झालं. त्यांचं मुख्य पुस्तक १९७६ मध्ये जर्मनमध्ये आलं. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९८९ मध्ये 'पॅस्टोरल डेइटीज इन वेस्टर्न इंडिया' या नावानं निघाला.

पुरंदर तालुक्यातल्या वीरला म्हस्कोबाची यात्रा भरते. माघ पौर्णिमेला देवाचं लग्न लागतं. ढोल वाजतो, गुलाल उधळला जातो, पालख्या-काठ्या येतात. पाहुणा म्हणून गेलात तर हे सगळं डोळ्यांत आणि कानांत भरून घ्याल आणि परत याल. सोंथायमर इथं एक साधा प्रश्न विचारतात : हा देव इथला आहे का? कथा सांगते की नाही. तो सोनारीहून कमळाजी नावाच्या धनगर भक्तामागे आला. मग लग्न कोणाचं कोणाशी लागतंय? बाहेरून, रानातून, मेंढरांबरोबर आलेल्या देवाचं, वस्ती करून राहिलेल्या गावातल्या देवीशी. खंडोबाच्या दोन बायकाही याच अंगानं बघता येतात. म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. म्हणजे यात्रेतलं लग्न ही दोन समाजांच्या आणि दोन प्रकारच्या जमिनींच्या सोयरिकीची नोंद आहे. 'वन' आणि 'क्षेत्र' ही जोडी त्यांच्या लेखनात पुन्हा पुन्हा येते ती यामुळेच.

आपल्या जिल्ह्यातल्या वाचकांना हे लांबचं वाटायला नको. अहिल्याबाईंचं जन्मगाव चौंडी आपल्या जामखेड तालुक्यात. कोरठण खंडोबा पारनेरमध्ये. पावसाची ओढ, चाऱ्यासाठी पायपीट, मेंढरं घेऊन उतरणारे वाडे, हे आपण लहानपणापासून पाहतो. पाहतो म्हणूनच बहुतेक त्याला 'विषय' म्हणून सिनॉप्सिसमध्ये घ्यायचं आपल्याला सुचत नाही.

शिखर आणि बेसलाइन

माझं शिक्षण विज्ञानातलं, त्यामुळे मला ही गोष्ट आलेखावरून लवकर समजते. एखादा सिग्नल मोजताना फक्त शिखरबिंदू नोंदवला तर त्या आकड्याला अर्थ नसतो. आधी बेसलाइन लागते, म्हणजे काहीही घडत नसताना उपकरण काय दाखवतं ते. यात्रेचा दिवस हा गावाच्या वर्षातला शिखरबिंदू आहे. उरलेले दिवस ही बेसलाइन.

सोंथायमर यांचं पुस्तक टिकलं याचं कारण माझ्या मते हेच आहे. ते यात्रेतून सुरुवात करतात आणि मग पर्जन्यछायेचा प्रदेश, मेंढपाळांच्या हंगामी वाटा, कोणत्या गावात कोण कधी स्थायिक झालं, याकडे वळतात. देवाची कथा आणि पावसाचं वाटप ते शेजारी शेजारी ठेवतात. यात्रा नसतानाचं गाव त्यांच्या पानांत आहे, म्हणून यात्रेचं वर्णन पोकळ वाटत नाही.

याउलट आपल्याकडे सर्रास काय होतं बघा. मढीच्या कानिफनाथांची यात्रा किंवा कोरठणची पौष पौर्णिमा गाठायची, दिवसभरात शंभर प्रश्नावल्या भरून घ्यायच्या आणि टक्केवारीचे तक्ते करायचे. इतके टक्के भाविकांना यात्रा आवडते, इतक्या टक्क्यांना सोयी अपुऱ्या वाटतात. यात्रेला आलेल्या माणसाला यात्रा आवडते का, हे विचारून कोणती नवी माहिती मिळणार? नमुना आधीच निवडलेला आहे. जो आला नाही, ज्याला येऊ दिलं नाही, ज्याचं दुकान यात्रेवर चालतं आणि जो मढीच्या बाजारात फक्त गाढवं विकायला आलाय, त्या सगळ्यांना एकाच तक्त्यात बसवलं जातं. इथं मजेमुळे काही बिघडलेलं नाही. तो संशोधक एकच दिवस गेला, हा दोष आहे.

कागदावर आवाज येत नाही

आता सोंथायमर यांच्या कामातली मला जाणवणारी मर्यादा. धनगरी ओवी ऐकली असेल तर माहीत असेल की ती ढोल-झांजेच्या साथीनं गायली जाते आणि गायलेल्या भागानंतर तोच भाग बोलून सांगितला जातो. गाणं, मग कथन, पुन्हा गाणं. ऐकणाऱ्याच्या अंगावर आधी लय येते, अर्थ मागून येतो. पुस्तकात मात्र अर्थ तेवढा उरतो. ओवी 'पुरावा' म्हणून येते, तिच्यातून देवाचा प्रवास काढला जातो आणि गळा, दम, ढोलाची चाल मागे राहते. यात्रेत कानांनी मिळालेली गोष्ट छापताना डोळ्यांची होते.

अ‍ॅन फेल्डहाउस यांनी दोन मराठी सहकाऱ्यांसह केलेलं २०१४ चं पुस्तक ('से टू द सन, डोन्ट राइज, अँड टू द मून, डोन्ट सेट') या बाबतीत एक पाऊल पुढे आहे. बिरोबा आणि धुळोबा यांच्या लांबलचक ओव्या त्यात अखंड दिल्या आहेत, पुनरुक्तीसकट. वाचताना कंटाळा येऊ शकतो, पण तो कंटाळा उपयोगी आहे. हे रात्रभर ऐकण्यासाठी बांधलेलं आहे, वाचून संपवण्यासाठी नाही, हे त्यातून कळतं. शिवाय मुखपृष्ठावर सहकाऱ्यांची नावं आहेत. संशोधनात स्थानिक माणूस 'माहितीदार' म्हणून तळटीपेत जातो की लेखक म्हणून वर येतो, हे कुठलंही पुस्तक हातात घेतल्यावर आधी बघा.

आवाजाचा प्रश्न आणखी वेगळ्या वाटेनं सोडवला तो जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पानं. गी पॉइटवँ हे मूळचे फ्रान्सचे, पुण्यात स्थायिक झाले. हेमा राईरकर यांच्याबरोबर त्यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रणाची आणि डेटाबेसची बाजू सांभाळली. २०१७ पासून हा साठा 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाकडून प्रसिद्ध होतो आहे. तिथं शब्द वाचता येतात आणि आवाजही ऐकता येतो. माझ्या दृष्टीनं त्याहून महत्त्वाचं हे, की दळणाचं गाणं उत्सवाचं नाही. ते पहाटेच्या कामाचं गाणं आहे. म्हणजे बेसलाइनच! ढोलाच्या आवाजाकडे ओढले जाणारे अभ्यासक पुष्कळ असतात. जात्याशी जाऊन बसायला वेगळी चिकाटी लागते.

रमायची मुभा कोणाला असते?

परदेशी अभ्यासकांची पुस्तकं वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. गावात त्यांना एक मोकळीक मिळते. ते कोणाच्याही पंगतीला बसू शकतात, कारण गावाच्या हिशोबात त्यांची जागा ठरलेली नसते. तुम्ही-आम्ही गेलो की पहिला प्रश्न आडनावाचा. मुलगी असेल तर रात्रीच्या जागराला थांबायचं कसं, सोबत कोण, घरी काय सांगायचं, हे प्रश्न विषय ठरण्याआधीच उभे राहतात. 'सहभागी निरीक्षण' हा शब्द मेथडॉलॉजीच्या पुस्तकात गुळगुळीत दिसतो. सहभाग कोणाला परवडतो, हे तिथं लिहिलेलं नसतं.

याच ठिकाणी इरावती कर्वे यांचा 'वाटचाल' हा लेख वाचायला हवा. त्याचं इंग्रजी रूप १९६२ मध्ये 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'मध्ये आलं. बाईंनी बर्लिनला जाऊन पीएचडी केली होती आणि इथं त्या दिंडीत चालल्या. त्यांचं रमणं लेखात लपत नाही. ज्या प्रदेशातली माणसं पंढरपूरला जातात तो महाराष्ट्र, अशी नवी व्याख्या त्यांना चालताना सापडते. पण त्याच दिंडीत एकत्र गाणारे ब्राह्मण आणि मराठा वारकरी जेवायला वेगळे बसतात, हेही त्या लिहितात आणि त्याचा त्यांना त्रास होतो. गाण्यात त्या सामील झाल्या म्हणूनच पंगतीतली फट त्यांना इतकी टोचली. लांब उभं राहून वही घेऊन बघणाऱ्याला ती नुसती 'नोंद' वाटली असती.

म्हणून सुरुवातीच्या शंकेला माझं उत्तर असं : मजा वाटणं हा दोष नाही. मजेनं आपल्याला काय दाखवलं आणि काय झाकलं, दोन्ही लिहिता आलं पाहिजे. सोंथायमर पहिली बाजू फार ताकदीनं लिहितात. दुसरी बाजू कर्वे यांच्या पंधरा-वीस पानांत जास्त सापडते.

आपण परदेशी गेलो तर?

तुमच्यापैकी काही जण उद्या पीएचडीसाठी बाहेर जातील. आपल्यातला बराचसा विद्यार्थी तिथं लॅब, खोली आणि मराठी मंडळाचा गणपती एवढ्यात फिरतो. मंडळात जरूर जा, पण ज्या गावात राहताय तिथली जत्रा, चर्चमधलं समूहगान, चौकातला बँडही ऐका. सोंथायमर आपल्याकडे ज्या नजरेनं आले ती नजर आपण तिकडे न्यायला काय हरकत आहे? विषय रसायनशास्त्र असला तरी चालेल. अनोळखी ठिकाणी कान उघडे ठेवायची सवय प्रयोगशाळेतही उपयोगी पडते.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी

तुमचा विषय यात्रा, लोकसंगीत किंवा उत्सव यांच्या जवळचा असेल तर हे चार प्रश्न वहीत लिहून ठेवा :

१. उत्सव नसताना मी त्या जागी किती वेळा जाणार आहे? शून्य असेल तर विषय बदला किंवा वेळापत्रक बदला.

२. मी आवाज कसा जपणार? रेकॉर्डिंगची परवानगी कोणाकडून घेणार आणि त्याची प्रत गाणाऱ्याला कशी देणार?

३. मला कुठं सहज प्रवेश मिळतो आणि कुठं मिळत नाही? हे थिसिसमध्ये एका परिच्छेदात स्पष्ट लिहा. परीक्षक त्यावरून मार्क कापत नाहीत.

४. माझ्याबरोबर काम करणाऱ्या गावातल्या माणसाचं नाव कुठं येणार?

दर वर्षी आषाढीआधी निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघून राहुरी, नगर, मिरजगाव, कर्जत अशी आपल्या जिल्ह्यातून जाते. तुमच्या गावावरून जात असेल तर या वर्षी एक दिवस चाला, गा, पोटभर जेवा. मग दिवाळीनंतर त्याच मुक्कामाच्या गावी पुन्हा जा आणि पालखीसाठी ज्यांनी स्वयंपाक केला त्यांच्याशी बोला. दोन्ही दिवसांच्या नोंदी शेजारी ठेवून वाचा. तुमचा प्रश्न त्या दोन नोंदींच्या फरकात असण्याची शक्यता बरीच आहे.