इच्छामरण की इच्छापत्र?

सर्वोच्च न्यायालयाच्या काही निवाड्यांना वृत्तपत्रांनी सरसकट 'इच्छामरण' हे नाव दिले आहे. भीष्माची आठवण करून देणाऱ्या ह्या शब्दाने त्यांचा खरा आशय झाकोळला आहे, असे आमचे मत आहे.

९ मार्च २०१८ च्या निवाड्याने सुबुद्ध प्रौढास आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र करण्याचा अधिकार मिळाला. बरे होण्याची आशा उरली नसता, बंद पडलेले हृदय छाती दाबून वा यंत्राने पुन्हा चालविण्याचा यत्न करू नये, असे त्यात लिहिता येते. हा एका उपचारास नकार आहे. शुश्रूषा चालूच राहते. असाधारण उपाय योजण्याचे बंधन नाही, असे पोप बारावे पायस ह्यांनीही २४ नोव्हेंबर १९५७ रोजी डॉक्टरांना सांगितले होते. तेव्हा पुनरुज्जीवन नाकारणारा पुनरुत्थानावरील श्रद्धा नाकारीत नाही, हे उपदेशकांनी निःशंकपणे शिकवावे.

असे पत्र नसल्यास काय होते, हे अरुणा शानभाग प्रकरणाने दाखविले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील ही परिचारिका १९७३ च्या हल्ल्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत तेथेच खिळून होती. तिचे अन्न थांबविण्याची याचिका ७ मार्च २०११ रोजी फेटाळताना न्यायालयाने तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्त्या लेखिका पिंकी विराणी ह्यांना न देता, तिची शुश्रूषा करणाऱ्या कर्मचाऱ्यांना दिला. जखमा बांधतो तोच शेजारी, ह्या प्रभूच्या दृष्टांताशी हे जुळते. तथापि तिची स्वतःची इच्छा सांगणारा कागद त्या शेजाऱ्यांजवळही नव्हता.

२४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ही पद्धती सुलभ केली. आता दंडाधिकाऱ्याची सही लागत नाही. दोन साक्षीदार आणि नोटरी वा राजपत्रित अधिकारी पुरतात. निर्णयासाठी नेमलेल्या नातलगांना प्रतही मिळते. आमचा आक्षेप पुढचा आहे. प्रत हाती असलेला मुलगाही 'बापाला मरू दिले' ह्या बोलाच्या धाकाने ती पुढे करीत नाही. हे धैर्य कोणताही शिक्का देऊ शकत नाही. त्यासाठी घरात आधी बोलणे व्हावे लागते, आणि तेथेच धर्मगुरूचे व उपदेशकाचे काम आहे. अंत्यसमयी तेलाभ्यंगास गेल्यावर विषय काढणे म्हणजे फार उशीर होय.

मात्र एक सावधगिरी हवी. रुग्णालयाच्या बिलाच्या भीतीने गरिबाने केलेली सही स्वतंत्र इच्छा मानता येणार नाही. शोमरोन्याने उतारशाळेचा खर्चही दिला होता. सही घेण्यापूर्वी मंडळीने आपली थैली तपासावी.